रकाबीत उरलेलं बदक

जालन्यात त्या काळी लग्नाच्या देगा उतरवणारे बबर्ची आठ-दहा तरी होते. खानसामा मात्र एकच. गुलाम नबी. या दोन शब्दांतला फरक ज्याला कळत नसे त्याला तो स्वतः समजावून सांगे. बबर्ची पंगतीसाठी शिजवतो, खानसाम्याने साहेबासाठी शिजवलेलं असतं. साहेब म्हणजे गोरा. आणि शिजवलं म्हणजे बदक.

बदकाची हकिकत जुन्या जालन्यात बहुतेकांना पाठ होती. बिर्याणीची देग दमाला लागली, झाकणाच्या कडेने कणीक लिंपून झाली, वर निखारे पसरले, की पुढचा पाऊण तास शिजवणाऱ्याला काही काम नसतं. इतर बबर्ची त्या वेळात बिडी ओढत. गुलाम नबी बदक सांगे. जालन्यात इंग्रजांची छावणी होती तेव्हाची गोष्ट. मेजरसाहेबाच्या बंगल्यावर नाताळची मेजवानी, चौदा गोरे, सात मडमा, आणि मधोमध चांदीच्या तबकात अख्खं बदक, आत्ता उठून तळ्यात उतरेल असं बसवलेलं. साहेबाने पहिला घास घेतला, काटा खाली ठेवला, डोळे मिटले, आणि फक्त एवढंच म्हणाला, "गुलाम नबी!"

इथे गुलाम नबी स्वतःही डोळे मिटे आणि बराच वेळ उघडत नसे. दमाकडे तेवढा वेळ दुसऱ्या कुणालातरी बघावं लागे.

छावणी उठून पंचवीस-तीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात बदक वाढत गेलं. सुरुवातीला ते कोंबडीएवढं होतं असं म्हातारे सांगत. फसली सन तेराशे चाळीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे तीसच्या, सुमाराला ते करडाएवढं झालं होतं. चौदा गोऱ्यांचे एकवीस झाले होते. मडमा मात्र सातच राहिल्या, कारण बायकांच्या बाबतीत गुलाम नबी मर्यादा पाळणारा माणूस होता.

हे बदक खाल्लेला मनुष्य अख्ख्या जालन्यात नव्हता. कुणी म्हणालंच, "खानसामा, एकदा आम्हालाबी चाखवा की," तर उत्तर तयार असे. इथली बदकं त्या जातीची न्हाईत. त्या जातीची मिळाली तरी तसली छावणीतली भांडी न्हाईत. आणि भांडीबी मिळाली असती, पण तसा साहेब कुठाय? या शेवटच्या कारणापुढे कुणाचं काही चालत नसे.

खरी हकिकत थोडी आखूड होती. गुलाम नबी त्या बंगल्यावर मशालची होता. मशालची हे नाव ऐकायला भारदस्त. काम उष्टी भांडी घासण्याचं. तीन वर्षं त्याने परसातल्या हौदाशेजारी उकिडवं बसून राखेने आणि विटकरीने मेजरसाहेबाचं खाणं धुतलं. शिजवणारा एक मद्रासी होता, अंगाने आडवा आणि स्वभावाने त्याहून आडवा. तो काम सुरू करण्यापूर्वी दाराला आतून कडी घाली आणि मशालच्याने उंबऱ्याच्या आत पाय टाकला तर उलथणं फेकून मारी. साहेबाला मशालच्याचं नाव ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. छावणी उठली, साहेब गेला, मद्रासीही आपल्या मुलखाला गेला. साक्ष द्यायला कुणी उरलं नाही तेव्हा गुलाम नबी जुन्या जालन्यात राहायला आला, तो खानसामा होऊनच.

मात्र पुढची पंचवीस वर्षं त्याने फुकट घालवली नाहीत. हात भाजून, देगा करपवून, यजमानांच्या शिव्या खाऊन तो स्वयंपाक खरोखरच शिकला. आता त्याच्या बिर्याणीसाठी अंबड-परतूरकडून बोलावणी येत. एकेक करून सगळं खरं होत गेलं होतं; खोटं होतं ते बदकापुरतंच. पण बाकीचं सगळं त्या बदकाच्याच पाठीवर बसून आलं होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. उष्टी घासणाऱ्याला लग्नाच्या देगेला हात लावू देईल असा यजमान जालन्यात सापडला नसता.

बद्रीनाथ शेठचा आणि मांसाचा संबंध नावालाही नव्हता. नव्या जालन्यात स्टेशनापलीकडे त्याचा कापसाचा जिनिंग कारखाना होता, आणि कारखान्याच्या वाटेत एक नाला होता. पाऊस लांबला की सरकीच्या गाड्या नाल्यात रुतत आणि दिवाळीपर्यंत तिथंच शोभा देत. पूल बांधणं निजामाच्या तामीरात, म्हणजे बांधकाम, खात्याच्या हातात होतं, आणि ते खातं हैदराबादला होतं. बहमन महिन्यात, ऐन थंडीत, त्या खात्याचे इंजिनियर रशीदुद्दीन साहेब औरंगाबादेहून जालन्याकडे निघाले, तेव्हा शेठ त्यांच्याच डब्यात बसला. बदनापूर मागे पडेपर्यंत शेठने पुलाचा विषय तीनदा काढला आणि साहेबांनी तीनदा जांभई दिली. चौथ्या जांभईनंतर साहेब आपणहून बोलले.

"शेठजी, पाच वर्षं विलायतेत होतो. सगळं विसरलो. इतवारचं बदक तेवढं विसरलो नाही. हैदराबादेत म्हटलं की करतात, पण ते बदक नसतं हो, बदकाचं मसालेदार सालन असतं."

शेठच्या कानांवर बदकाची हकिकत कुठल्यातरी लग्नात पडलेली होती. ती ऐकताना त्याने नाकाला उपरणं लावलं होतं, एवढंच.

"हुजूर," तो म्हणाला, "आमच्या जालन्यात मेजरसाहेबाचा खानसामा आहे."

आता प्रश्न जागेचा. शेठच्या घरी शेठाणी द्वारकाबाईंनी एकच वाक्य सांगितलं होतं: या उंबऱ्यात अंड्याचं टरफल जरी आलं, तर त्या माहेरी जातील आणि तिजोरीच्या किल्ल्याही त्यांच्याबरोबर जातील. सरकारी डाकबंगल्यावर इतर दोन कारखानदारांची माणसं सदैव बसलेली असत. म्हणून असं ठरलं, की साहेबांनी खानसाम्याच्याच घरी जेवायचं. ठरलं, हे गुलाम नबी सोडून सगळ्यांना कळलं.

त्याला कळलं ते शेठचा मुनीम मच्छिंद्र दारात येऊन उभा राहिला तेव्हा. मुनिमाच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि हातात वेताची पाटी होती. पाटी त्याने शरीरापासून जितकी लांब धरता येईल तितकी लांब धरली होती. पाटीतून दोन माना बाहेर आल्या होत्या.

"धरा खानसामा," मुनीम म्हणाला. "मंगळवारपासून घेऊन फिरून राह्यलो. औरंगाबादच्या छावणीतून आणलीत, त्याच जातीची. गाडीत लोक मला म्हणाले, माळकरी, काय आणलं? मी म्हणलं, भाजी."

"ही कशाला?"

"शुक्रवारी दुपारी हैदराबादचे इंजिनियर साहेब तुमच्याकडं जेवून राह्यले. शेठनी सांगितलंय. टेबल-खुर्ची, काटे-चमचे, रकाब्या, सगळं सकाळी गाडीवर येतंय."

गुलाम नबीने पाटीकडे पाहिलं. पाटीने त्याच्याकडे पाहिलं.

"मुनीमजी, त्याला तसली भांडी लागतात. छावणीतली."

"तेच तर. छावणीच्या लिलावातलं मोठं लोखंडी पातेलं शेठच्या गोदामात पडलेलं होतं, कुणी घेईना. तेबी येऊन राह्यलं."

"आणि साहेब..." गुलाम नबी सवयीने बोलून गेला.

"साहेब तर मिळालाच," मुनीम म्हणाला, आणि माळेला हात लावून मोकळा झाला.

तीस वर्षं उभी केलेली तटबंदी पाव मिनिटात पडली. गुलाम नबी आत आला. त्याची बायको कमरबी चुलीपुढे ज्वारीची भाकरी थापत होती. पाटी त्याने जमिनीवर ठेवली आणि तो भिंतीला टेकून बसला.

"गावाला जाऊ," तो म्हणाला. "तुझ्या भावाकडं. आज रात्रीच्या गाडीनं."

"का?"

"त्यांना बदक पाह्यजे."

कमरबीने भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, हात पुसला आणि त्याच्यापुढे येऊन बसली.

"बरं," ती म्हणाली. "आता काय काय घासलं ते सांगा."

गुलाम नबीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"काय?"

"तिथं. बंगल्यावर. भांड्याला काय लागलेलं असायचं ते सांगा."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाह्यजे? लग्नाला पंधरा दिवस न्हाई झाले तेव्हाच कळ्ळं मला. मी खरकटी कढई टाकली आन् तुम्ही माझ्या हातातून घेतली. आधी राख कोरडी, मंग ओली, मंग विटकर, कडेकडेने, आन् शेवटी अंगठ्यानं तळ चोळून वास घेतला. खानसामा कधी भांडं घासतो का? आन् असं घासतो का? चोवीस वर्षं झाली, या गल्लीत माझ्यावाणी चकचकीत भांडी कुणाची न्हाईत. मी म्हणलं, जाऊ द्या. नवरा खानसामा असता तर भांडी मलाच घासावी लागली असती."

भाकरी फुगली. ती उठून उलटवून आली.

"बोलली का न्हाईस कधी?"

"तुम्ही बोलला का?"

गुलाम नबीने भांड्यांचं सांगायला सुरुवात केली.

आणि सांगताना त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं, की आपल्याला किती आठवतं आहे. हकिकतीतलं बदक धूसर होतं, पण त्या पातेल्याचा तळ त्याच्या डोळ्यांपुढे लख्ख उभा राहिला. तळाला दोन बोटं चरबी थिजलेली असे, राखेच्या दोन ओंजळी खाल्ल्याशिवाय न सुटणारी. त्या चरबीत चार आडव्या रेघा उमटलेल्या असत.

"म्हंजे खाली जाळी होती," कमरबी म्हणाली. "बदक तळाला टेकत नव्हतं. चरबी गळून खाली पडत होती. जाळी न्हाई आपल्याकडं. खापरीचे तुकडे मांडू. पुढं?"

पुढे मोरीत सुताचे तुकडे सापडत.

"म्हंजे शिवलेलं होतं. पोटात काहीतरी भरत होते."

लहान पातेलीच्या तळाला साखर जळून काळी झालेली, आणि त्यात संत्र्याच्या बिया.

"म्हंजे रस्सा. आंबट-गोड. ते मी करते. आन् पोटात काय भरायचे?"

इथे गुलाम नबीने डोळे मिटले. या वेळी खरोखर आठवण्यासाठी.

"पावाचा चुरा. कांदा. आन् एक पाला होता, राखाडी, खरबरीत. त्याचा वास मला नंतर कुठंच न्हाई मिळाला. औषधावाणी. न्हाई... गजऱ्यावाणी."

"मरवा?"

"तसाच. पण तोच न्हाई."

"तोच कुठून आणू? मरवा घालू."

"डोक्यात माळायची चीज पोटात घालणार?"

"माळणाऱ्या मडमाच होत्या ना? सात?" कमरबी म्हणाली. सातही मडमा तिने इतकी वर्षं सोसल्या होत्या.

एक गोष्ट मात्र गुलाम नबीने तिला सांगितली नाही, कारण ती सांगण्याजोगी आहे असं त्याला वाटलंच नाही. ते पोटातलं भरण दर वेळी परत येत असे. मांस संपलेलं, रस्सा पावाने पुसलेला, आणि रकाबीच्या कडेला ते कांद्या-पावाचं ढेकूळ जसंच्या तसं. एका रकाबीत नव्हे, सगळ्याच रकाब्यांत. मेजरसाहेबाच्याही. त्याने त्याचा अर्थ फार पूर्वीच लावून ठेवला होता, आणि बिर्याणी करणाऱ्या माणसाला दुसरा अर्थ सुचणंही शक्य नव्हतं. बिर्याणीतली दालचिनी, तमालपत्र, मसाल्याची वेलची जेवणारा बाजूला काढून ठेवतोच की. तसंच हे. वास द्यायला, खायला नव्हे. आणि जे टाकायचंच त्यात मीठ कोण घालतो?

शुक्रवारी सकाळी टेबल आलं. दारातून आत जाईना, म्हणून परसात बदामाच्या झाडाखाली मांडलं. गुलाम नबीने बिस्मिल्ला म्हणून एक बदक हलाल केलं. दुसरं पाटीखाली झाकून ठेवलं, पहिलं बिघडलं तर असावं म्हणून. पिसं उपटायला दोघांना दीड तास लागला. कोंबडीची पिसं गरम पाण्याने सुटतात. बदक पाण्यातच जन्म काढतं, त्याला पाण्याचं कौतुक नसतं. कमरबीने सुईने कातडीला जागोजागी टोचलं, चरबी गळायला वाट व्हावी म्हणून, आणि मिठा-मिरीचा हात फिरवला. भरण गुलाम नबीने केलं. पावाचा चुरा, बारीक कांदा, मरव्याच्या दोन काड्या. पोट भरलं, गोधडीच्या सुताने शिवलं, खापऱ्यांवर बसवलं, आणि लोखंडी पातेल्याच्या खाली-वर निखारे लावले.

मग पाऊण तास काही काम नव्हतं. तीस वर्षांत पहिल्यांदाच दमाच्या वेळात गुलाम नबी गप्प बसला. एकदाच म्हणाला, "जमलं न्हाई तर?"

"तर गाव म्हणंल, खानसाम्याचा हात बिघडला," कमरबी म्हणाली. "हात तर होता ना, म्हणंल."

"साहेब विलायतेत खाऊन आलाय. त्याला एका घासात कळंल, हा कधी चुलीपाशी नव्हता. आन् शेठ बाहेरच बसलेला असंल."

कमरबीने वरचे निखारे जरा सारखे केले.

जुम्म्याची नमाज झाल्यावर रशीदुद्दीन साहेब आले. शेरवानी, वर फेल्ट टोपी, आणि चारच्या गाडीने परत जायची घाई. बद्रीनाथ शेठ बरोबर होता; त्याने आपला तांब्या आणि फुटाण्यांची पुडी घरून आणली होती. तो पुढच्या ओसरीवर बसला, परसाकडे पाठ करून. कमरबी स्वयंपाकघराच्या दारात गोणपाटाच्या पडद्याआड उभी राहिली. पडद्याला योग्य ठिकाणी छिद्र होतं.

गुलाम नबीने बदक आणून ठेवलं. रंग तरी बरोबर आला होता. साहेबांनी सूत सोडलं, सुरी फिरवली, रकाबीत मांस घेतलं, त्यावर रस्सा घेतला. बाजूला भरणाचं ढेकूळ पडलं. आणि गुलाम नबी अडवायला एक पाऊल पुढे आला, कारण साहेबांनी काटा मांसाला लावलाच नाही. पहिला घास ढेकळाचा घेतला.

साहेब चावत राहिले. चावायचे थांबले. काटा खाली ठेवला. डोळे मिटले.

ओसरीवर फुटाणे वाजायचे बंद झाले.

"वल्लाह," साहेब डोळे न उघडता म्हणाले. "हेच ते."

गुलाम नबी हात जोडून उभा होता. हात सोडावेत की नाहीत ते त्याला कळेना.

"ना नमक, ना मिर्च, ना कसली चव!" साहेबांनी डोळे उघडले. "आमची घरमालकीण असंच करायची. दर इतवारी. हैदराबादच्या बबर्च्यांना किती सांगितलं, अरे काही घालू नका. नाही राहवत त्यांना. चोरून मीठ टाकतातच. इतका संयम मी विलायत सोडल्यापासून पाहिला नव्हता." एवढं बोलून त्यांनी ढेकूळ काट्याने रकाबीच्या कडेला सारलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलंही नाही, आणि बदकाला हात घातला. कमरबीचा रस्सा त्यांनी तीनदा घेतला. हा काही विलायतेचा नाही, पण वाईटही नाही, असं म्हणाले. अर्ध्या तासात खापऱ्यांवर बसलेल्या त्या पक्ष्याची हाडं तेवढी राहिली.

हात धुता धुता साहेबांनी विचारलं, "नाव काय तुझं?"

"गुलाम नबी, हुजूर."

"गुलाम नबी!" साहेब म्हणाले. एवढंच.

गुलाम नबीने तीस वर्षं सांगितलेलं वाक्य त्याच्याच कानांवर पडलं. खोट्याचा शेवटचा तुकडाही आत्ता त्याच्या डोळ्यांदेखत खरा झाला होता. इथंच सगळं थांबलं असतं तर जन्माचं काम झालं होतं. पण साहेब थांबले नाहीत.

"माझ्याबरोबर चल. हैदराबादला बंगला आहे. आठवड्याला पाच-सात गोरे लोक जेवायला असतात. सूप, पुडिंग, कटलेट, मेजरसाहेबाकडे करत होतास ते सगळं कर. खानसामा म्हणून चल."

सूप. गुलाम नबीला सुपाचं पातेलं आठवलं. त्याच्या तळाला काहीच लागत नसे. पुडिंगच्या साच्याला लागलेलं तो लहानपणीच्या हावरटपणाने चाटून टाकी, त्यामुळे त्याचाही अभ्यास झाला नव्हता. आठ दिवसांत उघडं पडलं असतं, आणि तेही परमुलखात. त्याने पडद्याकडे पाहिलं. पडदा हलला नाही. ओसरीवर शेठ मान वळवून ऐकत होता. म्हणजे जे बोलायचं ते अख्ख्या जालन्याच्या देखत बोलायचं होतं.

"हुजूर," तो म्हणाला, "मी खानसामा नव्हतो. मशालची होतो. उष्टी भांडी घासत होतो. चुलीपाशी मला कुणी उभंसुद्धा केलं न्हाई."

साहेबांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

रशीदुद्दीन साहेब ज्या शहरातून आले होते तिथं चार देवड्यांच्या हवेलीचा मालक हवेलीला गरीबखाना म्हणत असे. दहा गावांचा जहागीरदार स्वतःला खाकसार, म्हणजे पायाची धूळ, म्हणवी, आणि उस्तादाला उस्ताद म्हटलं की तो दोन्ही कानांना हात लावून मी तर अजून सूर शोधतोय म्हणे. तिथं स्वतःबद्दल खरं बोलायची पद्धतच नव्हती. जो जितका मोठा, तो तितका खाली बसे. आणि इतकं खाली बसलेला माणूस साहेबांनी हैदराबादेतही पाहिला नव्हता.

"सुभानल्ला!" ते म्हणाले. "मशालची! शेठजी, ऐकलंत? आपल्यापैकी कुणी असता तर स्वतःला बबर्ची तरी म्हणाला असता. हा थेट मशालची!"

"हुजूर, खरंच सांगून राह्यलो. खुदा कसम—"

"कसम नको, कसम नको," साहेब हसत म्हणाले. "पुरे झाली ही इन्किसारी, एवढा नम्रपणा. आम्ही मानलं."

तेव्हा पडद्याआडून कमरबी बोलली. परक्या पुरुषासमोर ती निकाहातल्या 'कबूल'नंतर पहिल्यांदाच बोलत असावी. "ते खरं बोलून राह्यले साहेब. भांडीच घासायचे. अजूनबी घासतात."

साहेब उठून उभे राहिले आणि पडद्याच्या दिशेने त्यांनी लवून सलाम केला. "घरातसुद्धा हीच तहजीब!" ते शेठला म्हणाले. "अशा माणसाला गावातून उचलून नेणं हा जुलूम होईल. नाही म्हणायचं होतं बिचाऱ्याला, तर तोंडावर नाही म्हणाला नाही. स्वतःला लहान केलं. शेठजी, याची कदर करा."

चारच्या गाडीने साहेब गेले. पुढे वर्षभराने पूल झाला. हैदराबादेत बसून नकाशावर बोट ठेवणाऱ्याने अलीकडच्या नाल्यावर ठेवलं असावं, म्हणून तो अलीकडच्या नाल्यावर झाला. शेठच्या गाड्या पूर्वीसारख्याच रुतत राहिल्या. पण शेठने त्याबद्दल खानसाम्याला कधी बोल लावला नाही. उलट बदकाची हकिकत आता तोच सांगू लागला. तो परसाकडे पाठ करून बसला होता, त्यामुळे त्याला कशाचीच अडचण नव्हती; त्याच्या तोंडून ते बदक पाच-सात वर्षांत वासराएवढं झालं. गुलाम नबीने मात्र सांगणं सोडलं. कुणी विषय काढलाच तर तो म्हणे, मी मशालची होतो बाबा, आणि लोक एकमेकांकडे बघून माना डोलवत. लग्न उरकल्यावर तो स्वतः देग घासायला बसला की यजमान पाहुण्यांना मुद्दाम तिकडे घेऊन जात: बघा, एवढा मोठा माणूस!

पण हे पुढचं. त्या शुक्रवारी टेबल गाडीवर चढलं, शेठ तांब्या घेऊन गेला, आणि परसात गुलाम नबी, कमरबी आणि पाटीखालचं दुसरं बदक एवढीच मंडळी राहिली. गुलाम नबीने साहेबांची रकाबी उचलली. हाडं स्वच्छ, रस्सा पुसलेला, आणि कडेला कांद्या-पावाचं ढेकूळ, एका घासाने उणं. मेजरसाहेबाच्या मेजावरून परत येई, अगदी तशीच होती.

कमरबीने ढेकळाचा कण तोडून तोंडात टाकला आणि लगेच बाहेर काढला.

"यात मीठ न्हाई!"

"घातलंच न्हाई. ते खायचं नसतं."

"हे मला आधी का न्हाई सांगितलं?"

"तू मीठ घातलं असतं."

कमरबीने कपाळाला हात लावला. मग ते ढेकूळ जमिनीवर टाकलं आणि पाटी उचलून दुसऱ्या बदकाला मोकळं केलं. दोन दिवसांचं उपाशी बदक डुलत डुलत आलं, चोचीने ढेकूळ एकदा या अंगावर केलं, एकदा त्या अंगावर, आणि सोडून मोरीतल्या पाण्याकडे निघून गेलं.

"बराबर जमलं म्हणायचं," गुलाम नबी म्हणाला. बाह्या सारून तो मोरीपाशी उकिडवा बसला आणि त्याने लोखंडी पातेलं पुढ्यात ओढलं. तळाला दोन बोटं चरबी थिजली होती, आणि खापऱ्यांच्या चार खुणा.

"राख दे," तो म्हणाला.